पळसदरीच्या भिंतीपाशी थांबणारी गाडी

खालापूरच्या पुढे डोंगराला लागून एक मोठं रिसॉर्ट आहे. तिथे पाहुण्यांना गेटपासून खोल्यांपर्यंत नेणाऱ्या बॅटरीच्या गाड्या सांभाळणं हे माझं काम. पाहुणे त्यांना गोल्फ कार्ट म्हणतात, आम्ही नुसतं गाडी म्हणतो. सकाळी शेडमध्ये गेलो की सीट उचलायची आणि खालच्या सहा बॅटऱ्यांकडे बघायचं. कुठे पाणी उतरलंय, कुठल्या टर्मिनलवर पांढरं-हिरवं साचलंय, कुठली वायर ढिली झालीय. खायचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने घासायचं, पुसायचं, डिस्टिल वॉटर घालायचं. अ‍ॅसिडने माझ्या सगळ्या शर्टांना बारीक भोकं पडलेली असतात. बायको ते शर्ट वेगळे धुते.

बाबा रेल्वेत गँगमन होते. नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी घाटात, ठाकुरवाडीच्या बाजूला काढली. रूळ तपासत चालणं हेच काम, त्यामुळे निवृत्त झाल्यावरही पाय घरात ठरत नसत. रोज संध्याकाळी पळसदरीच्या आमच्या घरातून निघायचे आणि धरणाच्या अंगाने एक फेरी मारून यायचे. मग साखरेने पायाला जखम झाली. आधी बोट गेलं, आणि शेवटी गुडघ्याखालून पाय काढावा लागला.

दवाखान्यातून घरी आणल्यावर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत. कुणी भेटायला आलं की डोळे मिटून घेत. मी चाकाची खुर्ची आणली, पण आमच्या वाटेवरच्या खडीत तिची चाकं रुतायची. शिवाय मुलगा आपल्याला ढकलत नेतोय हे गावाने बघावं, हे त्यांना नको होतं. दोनदा बसले. तिसऱ्यांदा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. कपडे वाळत घाला हिच्यावर."

त्याच सुमाराला रिसॉर्टने नव्या, लिथियम बॅटरीच्या गाड्या आणल्या. जुन्या गाड्या शेडच्या मागे लावून ठेवल्या. मी साहेबांना विचारलं, एक नेऊ का, वडिलांसाठी. ते म्हणाले, ने, जागाच अडवतेय ती.

गाडी मिळाली, पण तिच्या बॅटऱ्या मेलेल्या होत्या. मग त्या सगळ्या जुन्या गाड्यांमधून मी बऱ्यापैकी जीव असलेल्या सहा बॅटऱ्या निवडायला बसलो. बॅटरी नुसती उभी असताना मीटरवर चांगलीच दिसते, गाडी चढाला लावली की खरं कळतं. सहा एकापुढे एक जोडलेल्या असतात आणि त्यातली एक जरी कच्ची निघाली तरी बाकीच्या पाचांना घेऊन बसते. काही इतक्या उतरल्या होत्या की चार्जर त्यांना ओळखतच नव्हता. त्या मी घरी नेऊन लहान चार्जरवर एकेक करून वर आणल्या. पडवीत हे चालू असताना बाबा हळूहळू कुशीवर वळून बघायला लागले.

एक दिवस त्यांनी विचारलं, "पानी किती घालायचं असतंय त्यात?"

"आतल्या प्लेटा बुडून वर थोडं. काठोकाठ नाय."

"आन बघू ती बाटली."

तेव्हापासून पाणी घालायचं काम त्यांचं झालं. स्टुलावर बसून ते एकेक झाकण काढत, आत टॉर्च मारून बघत, नरसाळ्यातून पाणी सोडत. एक थेंब बाहेर सांडू देत नसत.

गाडी चालू झाली आणि कामावरून आलो की मी त्यांना रोज बाहेर काढू लागलो. धरणाचा रस्ता धरायचा, पुढे रुळांच्या बाजूने जायचं. एका वळणावर एका फार्महाऊसची लांबलचक भिंत आहे. तिथे आलं की ते म्हणत, "थांबव जरा." मी थांबवायचो. समोर रूळ दिसत, गाड्या जाताना दिसत. मला वाटायचं, रेल्वेचा माणूस, गाड्या बघतोय. काही वेळाने ते मानेनेच 'चल' म्हणत.

थंडीतल्या एका संध्याकाळी आम्ही असेच थांबलो होतो आणि निघताना गाडी हललीच नाही. सीट उचलून पाहिलं, तर मधल्या एका बॅटरीची पेटी फुगली होती आणि हात लावू देत नव्हती इतकी तापली होती. मी चुलतभावाला टेंपो घेऊन यायला सांगितलं.

"बाबा, येतोय तो. वेळ लागंल पण."

"लागू दे. मला कुठं जायचंय."

मी त्यांच्या शेजारी बसलो. बोलायला काही नव्हतं म्हणून विचारलं, "तुमी रोज हितंच का थांबवता? पुढून गाड्या अजून चांगल्या दिसतात."

"गाड्या कोन बघतोय रं."

मग ते म्हणाले, "ह्या भिंतीच्या आत करंजाचं झाड होतं. त्याच्याखाली तुझी बहीन हाय."

मला बहीण होती हे मला माहीत नव्हतं. मी एकुलता एक, असंच सगळे म्हणत आले होते.

बाबांनी सांगितलं ते असं. माझ्या जन्माच्या आधी ते आणि आई ठाकुरवाडीला रेल्वेच्या खोलीत राहत. मुलगी तीन-साडेतीन वर्षांची होती. भर पावसात तिला ताप भरला आणि उतरेना. एरवी गाडीत बसून कर्जत गाठता आलं असतं, पण घाटात दरड आली होती आणि गाड्या बंद होत्या. जोडीदार सगळे दरड उपसायला गेलेले. बाबांनी मुकादमाला विचारलं, तिला घोंगडीत गुंडाळलं आणि रुळांवरून चालत निघाले.

"बोगद्यात तिला भ्या वाटायचं. म्हनून मी बोलत चाललो. हे संपंल, ते संपंल, मग उजेड येतोय बघ. ती हुं म्हनायची. बोगदं संपलं तरी मी आपला बोलतच होतो."

त्यांनी भिंतीकडे हात केला.

"हितवर आलो. एक बाई शेतात होती. तिनं घोंगडी बाजूला केली न् म्हनली, भाऊ, खाली ठेव आता तिला."

त्याच बाईच्या घरच्यांनी करंजाखाली खड्डा खणून दिला. बाबा त्याच वाटेने परत ठाकुरवाडीला चालत गेले आणि आईला सांगितलं. पुढे घर बांधायची वेळ आली तेव्हा त्यांनी पळसदरीलाच जागा बघितली.

"मला कधी सांगितलं नाय तुमी."

"तुझ्या आईनं घातली होती शपथ. ह्या पोराच्या कानावर नको म्हनली. मग ती बी गेली. मग वाटलं, आता काय सांगायचं."

त्यांनी मला तिचं नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही.

टेंपो आला. दोरी बांधून आम्ही गाडी ओढत आणली. बाबा गाडीतच बसून राहिले, उतरून टेंपोत बसायला तयार झाले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी रिसॉर्टमधून एक जुनी बॅटरी आणून बसवली आणि फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. आता भिंतीपाशी त्यांनी न सांगताच मी थांबायचो. दोघंही रुळांकडे पाठ करून बसायचो.

पावसाळा तोंडावर असताना बाबांच्या दुसऱ्या पायालाही तेच झालं. या वेळी विष अंगभर पसरलं आणि ते दवाखान्यातून परत आले नाहीत. दहाव्याला नदीवर मी भटजींना विचारलं, एक नाव अजून घ्यायचंय, चालेल का. वय विचारून ते म्हणाले, इतक्या लहान मुलांचं काही करत नाहीत. मग मीच ते पाण्यात उभा राहून हळूच घेतलं. बायको काठावर होती. तिला ऐकू गेलं असावं, कारण तिने पदर तोंडाला लावला.

नंतर एकदा मी त्या फार्महाऊसच्या राखणदाराला भेटलो. तो परमुलखातला. मी म्हटलं, आमची एक जागा होती इथे, नुसतं बघायचंय. त्याने फाटक उघडलं आणि फार काही विचारलं नाही. आत हिरवळ होती. करंज नव्हता. तो जिथे असावा असं बाबांच्या सांगण्यावरून वाटत होतं, तिथे पाण्याच्या पंपाची खोली होती आणि आत पंप चालू होता. मी चप्पल काढून थोडा वेळ उभा राहिलो. राखणदार दुसरीकडे बघत होता.

त्या पावसात गाडी गोठ्यात उभी राहिली. वापर नसला तरी बॅटऱ्या अधूनमधून चार्जिंगला लावाव्या लागतात, नाहीतर आतून कडक होऊन जातात. हे मी दिवसभर दुसऱ्यांना सांगतो. पण घरी सीट उचलायला हात जात नव्हता. बायको एकदा म्हणाली, "आवो, लावा तरी ती चार्जिंगला." मी हो म्हटलं आणि लावली नाही. दिवाळीच्या आसपास उघडून पाहिलं, तर पाणी उतरून प्लेटा उघड्या पडल्या होत्या. चार्जर लावला, तो ओळखेना. लहान चार्जरवर एकेक करून वर आणता आल्या असत्या, निदान दोन-तीन तरी. मी वायर काढून गुंडाळून ठेवली.

पुढच्या सुट्टीला चुलतभावाचा टेंपो घेऊन मी गाडी आणि बॅटऱ्या कुंभिवलीच्या भंगारवाल्याकडे दिल्या. संध्याकाळी घरी आलो तेव्हा बायकोने गोठ्यातली ती जागा झाडून काढली होती आणि तिथे सरपण रचायला घेतलं होतं. मी शर्ट काढून खुंटीला टांगला आणि तिला लाकडं द्यायला लागलो.