पिल्लांची झोपायची जागा

वेन्डेलमामांनी स्कोआ नदी झाडून साफ केली होती. आमच्या जमातीत हे त्यांच्या तोंडावर कोणी म्हणत नसे, पण माहीत सगळ्यांना होतं.

ते पंचवीस वर्षांचे असताना सरकारी साहेब सांगून गेले, पडलेल्या झाडांनी नदी अडते, समुद्रातून अंडी घालायला येणाऱ्या सॅमन माशांना वर चढता येत नाही, काढून टाका. मामा हौसेनं पुढं झाले. एका उन्हाळ्यात दोन मैलांतले ओंडके करवत आणि तारेचा दोर लावून बाहेर काढले. बर्नीसमामी तेव्हा नवी नवरी. काठावरून म्हणाली, "वेन्डेल, पिल्लं कुठं झोपतील मग?"

"मासे झोपतात होय गं?" मामा हसले. "तू आपलं शिजवायचं बघ!"

त्या हिवाळ्यात पूर आला, आणि नदीत आडोसाच नव्हता. बोटाएवढी पिल्लं वेळेआधीच समुद्राला वाहून गेली. पुढं दरवर्षी मासे कमी होत गेले. एका साली हंगामातल्या पहिल्या माशाच्या मानाच्या जेवणाला मासा शेजारच्या गावाहून आणावा लागला. जेवणानंतर काटे आम्ही नदीला परत देतो. परक्या माशाचे काटे आपल्या नदीत कसे सोडायचे, यावर म्हातारे तासभर भांडले. मामी एकदाही 'मी सांगितलं होतं' म्हणाली नाही. मामांना तेच जास्त लागलं.

म्हणून अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते नदी सुधारणाऱ्या आमच्या कामाच्या टोळीत आले, झाडं मुळांसकट परत नदीत रोवायला. मुकादम मी, पण शिव्याही मीच खायच्या. "लोर्ना, मुळं प्रवाहाच्या वरच्या अंगाला! चुलीत घालतेस का ओंडका?" मामीची मूत्रपिंडं गेलेली. ती पिकअपमध्ये मांडीवर घोंगडी घेऊन, काच खाली करून बसायची.

"एक पिल्लू दाखव मला," ती म्हणायची, "मग खुशाल मरते."

"मग तर दाखवतच नाही," मामा म्हणायचे.

दोन हिवाळे आम्ही पाण्यात तोंड घालून शोधलं. एकही पिल्लू दिसलं नाही. जानेवारीत मामी गेली.

मार्चमध्ये मामांनीच रोवलेल्या मुळांखाली, संथ पाण्यात, मला पिल्लं दिसली. सात-आठ होती, अंगावर पट्टे असलेली. मी किंचाळलेच. मामा कमरेएवढ्या पाण्यातून आले, वाकून बघत राहिले. मग वळले ते थेट काठावर, चिखलात घसरत, "बर्नीस! अगं, आलीत बघ!" म्हणत पिकअपपाशी. दार उघडलं. घोंगडी सीटवर घडी घालून ठेवलेली होती.

मला त्या पिल्लांचा राग आला. दोन महिने आधी आली असती तर काय बिघडलं असतं त्यांचं?

बऱ्याच वेळानं मामा परत आले. डोळेसुद्धा पुसले नव्हते. मी काही बोलणार तोच त्यांनी हात वर केला.

"हळू बोल, लोर्ना. झोपलीत ती."