माळ्यावर काय जाईल

सुनंदाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तिचं ट्रेकिंगचं सामान ठेवायला मुलानं आमच्या नव्या घरात छताखाली फळ्या ठोकून माळा करून घेतला. "हलकंच ठेवा हं," सुतार म्हणाला.

मुलानं आईची सॅक उचलली.

"ती राहू दे खाली. वॉकर टाक वर."

"अगं आई, डॉक्टर म्हणाले..."

"रोज चाला म्हणाले. कुठं, ते माझं मी ठरवीन."

मुलानं सॅक खाली ठेवली. मला वाटलं, आपण आधी वस्तू वर टाकतो आणि मग हळूहळू त्या वापरणाऱ्या माणसालाही. सुनंदानं आम्हाला वेळीच अडवलं होतं.

मी शिडीवर चढून वॉकर आत सरकवला. खाली ती बुटांच्या नाड्या बांधत होती.