लॅबमधली शाईची बाटली

तमाम मराठी जनतेस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, आमच्या परळच्या लॅबमधली काळ्या शाईची बाटली गायब झाली होती! आणि नेमका त्याच दिवशी एका मुलीचा जीव तिच्यात अडकला होता.

कुसुम घोडपदेवची. मानेतल्या गाठींचा कॅन्सर. क्ष-किरणांचे शेक आणि स्टेरॉइड घेऊन गाठी विरल्या, पण मग डोकेदुखी, उलट्या, मान ताठ. मणक्यातून काढलेलं पाणी मायक्रोस्कोपखाली ठेवलं, तर गोल गोल पेशी.

"कॅन्सर मेंदूत गेला," आमचे सर म्हणाले. "संध्याकाळी आईला सांगतो, घरी न्या."

मला मात्र एकदोन गोलांना कोंब फुटलेले दिसले. असे कोंब बुरशीला फुटतात. कॅन्सरच्या उपचारांनी शरीराची राखण ढिली पडली, की ती आत शिरते.

"सर, फंगस असेल."

"माझ्याकडे 'असेल' चालत नाही. दाखव."

दाखवायला शाई हवी. या बुरशीभोवती जाड, पारदर्शक कवच असतं. थेंबात शाई मिसळली की सगळं काळं होतं, कवच तेवढं चंद्राच्या खळ्यासारखं उजळ राहतं. कॅन्सरच्या पेशीला खळं नसतं.

"सावंत, शाई?"

आमचे टेक्निशियन सावंत छताकडे बघू लागले. "बाई, ती... समितीच्या मोर्च्याच्या फलकांना दिली. लालबागला."

त्यात हरताळ. दुकानं बंद. मी पदर खोचून लालबाग गाठलं. चाळीच्या अंगणात पेंटर फलकावर ओणवा. मजकूर 'संयुक्त महाराष्ट्र झालाच' इथवर आलेला.

"ओ बाई, बाटली कुठं नेताय? 'पाहिजे' राहिलंय!"

"अहो, पोरीचा जीव राहिलाय!"

त्यानं बाटली माझ्या हातात कोंबली. "न्या. 'पाहिजे' कोळशानं लिहितो."

शाई गाळली. आधी साध्या पाण्यात घालून पाहिली, तिच्यातच काही वळवळत नाही ना! मग कुसुमचा थेंब. काळ्याभोर आभाळात चांदण्याच चांदण्या, आणि एकेकीला खळं!

सर मायक्रोस्कोपवरून बराच वेळ उठेनात. उठले ते थेट फोनकडे. बुरशीवरचं नवं औषध परदेशातून मागवावं लागे. ते आलं. त्यानं कुसुमला अशी हुडहुडी भरायची की खाट वाजायची. पण डोकेदुखी थांबली, मान वळली, आणि एके दिवशी मणक्यातलं पाणी स्वच्छ निघालं.

गोल पेशीला नाव ठेवण्याआधी तिला काळं फासून बघावं, एवढं मी शिकले.

आणि सर? लॅबमध्ये राजकारणाचा 'र' काढू न देणारे आमचे सर, कुसुम आईचं बोट धरून घरी निघाली तेव्हा अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल असे ओरडले, "सावंत, शाईच्या दोन बाटल्या मागवा! एक लॅबची, एक समितीची!"