ड्रायव्हरच्या बाजूचं ऊन

माझा अब्राहाम मामा एसटीत ड्रायव्हर होता. नगर ते कोपरगाव, बावीस वर्षं. रिटायर होऊन चार वर्षं झाली, तरी अजून स्कूटर लावली की मागं वळून बघतो, सगळे उतरले का म्हणून. मागं एकटी रेबेका मामी असते.

मामाची खरी विद्या गाडी चालवण्याची नव्हे, सावलीची. स्टँडवर तो म्हाताऱ्याकोताऱ्यांना न विचारता सांगायचा, "डावीकडं बसा. सकाळी जाताना ऊन उजवीकडून, संध्याकाळी येताना बी उजवीकडूनच. डावी बाजू म्हंजे फुकटचा एसी." एकदा मी विचारलं, "मामा, मग उजवीकडं कोण बसणार?" तो म्हणाला, "ज्यानं विचारलं न्हाई त्यो."

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी आमचं घर वनभोजनाला जातं. एप्रिलमध्ये आमच्याकडं सकाळी नऊलाच डांबर मऊ होतं, तरी जातं. या वर्षी मात्र मामाची सून आराधनावहिनी पुण्याहून येतानाच ठरवून आली होती. "पप्पा, गेल्या वर्षी प्रार्थनाला उलट्या झाल्या उन्हानं. शिर्डी रोडला एक हॉटेल आहे, एसी हॉल, मुलांना झोका. दर वर्षी तिथंच जाऊ."

मामाचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्याचं लायसन काढून घेतलंय. "हॉलमदी वनभोजन? वन कुठाय त्यात?"

"कुंड्या आहेत," वहिनी म्हणाली.

शेवटी अट ठरली. एक वर्ष मामाच्या जागेवर. पहिला घास तोंडात जाताना सगळे सावलीत असले, तर पुढच्या वर्षीही बाहेरच. एक जण जरी उन्हात असला, तर हॉल.

मामानं जागा काढली राहुरीच्या पुढं, पाटाच्या कडेला. रस्ता रुंद झाला तेव्हा त्या बाजूची झाडं गेली, हा एक वड रस्त्यापासून आत म्हणून वाचला. पूर्वी मामाच्या गाडीचा टायर फुटला होता तेव्हा पन्नास पॅसेंजर त्यानं याच वडाखाली दीड तास बसवले होते. "एका माणसानं तक्रार केली न्हाई," हे आम्ही लहानपणापासून ऐकतोय.

साडेनऊला पोचलो. पश्चिमेच्या बाजूला गार सावली होती आणि तिच्यात दोन मोठी कुटुंबं पसरलेली. मामानं सतरंजी घातली ती बरोबर उलट्या बाजूला, रणरणत्या उन्हात.

"पप्पा!" वहिनीनं ओढणी डोक्यावर घेतली.

"ती सकाळची सावली हाय. आपल्याला जेवणाची पायजे. एकला हितं येईल."

"ती काय एसटी आहे का, एकला यायला?"

"एसटीपेक्षा टायमावर येती," मामा म्हणाला. अडीच तास आम्ही पाटाच्या पाण्यात पाय सोडून काढले. मामीनं चूल मांडली. मटणाच्या वासानं पलीकडची कुटुंबं माना वळवायला लागली.

बाराच्या सुमाराला मामानं पहिल्यांदा वर बघितलं. इतका वेळ तो जमिनीकडंच बघत होता, जुन्या खात्रीवर. पूर्वेच्या फांद्यांमध्ये एक मोठी फांदी नव्हतीच. खालून वायर गेली होती आणि छाटलेली जागा पांढरीफट्ट दिसत होती. मामानं सतरंजीभोवती एक चक्कर मारली, वर बघितलं, खाली बघितलं, आणि नातीला म्हणाला, "प्रार्थना, ऊठ तिथून. ती माझी सीट हाय."

एक वाजता पानं वाढली. सावली सरकत आली होती, पण शेवटच्या ताटापासून हातभर लांब थांबलेली. वहिनीनं घड्याळाकडं बघितलं.

"आधी देवाचे आभार मानू," मामा म्हणाला.

एरवी मामाचे आभार दोन वाक्यांत संपतात. त्या दिवशी त्यानं अन्नाचे मानले, पाण्याचे मानले, चर्चच्या मंडळीतल्या आजाऱ्यांची आठवण केली, कोपरगाव डेपोच्या मेकॅनिकांना आशीर्वाद मागितला, मग एकेका थांब्यावरच्या लोकांना. मी एक डोळा उघडला. मामाचाही एक उघडा होता, जमिनीवर. राहुरी झाली, कोल्हार झालं, बाभळेश्वर झालं. सावली ताटावर चढली.

"आमेन," मामा घाईनं म्हणाला. "जेवा!"

सगळ्यांनी डोळे उघडले. सगळी पंगत गारेगार सावलीत. फक्त मधोमध उन्हाचा एक गोल होता, ताटाएवढा नव्हे, माणसाएवढा, आणि त्यात मामा टॉवेल डोक्यावर घेऊन बसला होता.

वहिनीचा घास हातातच राहिला. "पप्पा, तुम्ही उन्हात आहात."

मामानं वर बघितलं, मग तिच्याकडं. "व्हय. फांदी छाटलेली मला ठावं न्हवतं." मग म्हणाला, "हारलो बाळ. हॉल सांग त्यांना."

मामी भाकरी मोडत म्हणाली, "नवीन काय त्यात? बावीस वर्षं उजव्या बाजूलाच बसलेत. हात बघ."

वहिनीनं बघितलं. मामाचा उजवा हात कोपरापासून खाली डाव्यापेक्षा दोन छटा काळा. आम्ही रोज बघतो म्हणून आम्हाला दिसत नाही.

"मी पॅसेंजरांचं बोलले होते," वहिनी म्हणाली आणि घास तोंडात घातला. "पॅसेंजर सगळे सावलीत आहेत. ड्रायव्हर कुठं धरतात?"

"आता हे काय नवीन?" मामा म्हणाला, पण रस्सा त्यानं दोनदा मागून घेतला. "पुढच्या वर्षी बी हितंच ना मग?"

"इथंच. पण छत्री मी आणणार."

तेवढ्यात तो उन्हाचा गोल सरकत सरकत मामाच्या खांद्यावरून उतरला आणि माझ्या डोक्यावर येऊन बसला. मी उठायला लागलो.

"बस तसाच," मामा म्हणाला, "पंगतीतून उठू न्हाई. सतरा मिंटात पुढं जाईल."

मी घड्याळ लावलं. अठरा लागली, पण त्याला सांगितलं नाही.