मिठागरातली ती कल्पना

तो आणि मी भाईंदर पूर्वेला एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो. आज तो हॉलिवूडमध्ये अवाढव्य बजेटचे सिनेमे काढतो आणि मी लग्नांचे व्हिडिओ. हे असं सरळ लिहायला मला बरीच वर्षं लागली.

कॉलेजात असताना आम्ही मिळून सात मिनिटांची एक फिल्म केली होती. त्याच्या मामाचा कॅमेरा, भर दुपार, मिठागर. एक मुलगी बांधावर हरवलेली चप्पल शोधत फिरते आणि तिला सगळ्या दुसऱ्यांच्याच चपला सापडत जातात. कल्पना त्याची. कॅमेरा मी धरला होता. त्या फिल्मवर त्याला अमेरिकेतल्या फिल्म स्कूलमध्ये प्रवेश मिळाला. मीही अर्ज भरणार होतो, पण वडिलांचं आजारपण निघालं. खरं सांगायचं तर वडील बरे झाल्यावरही मी तो भरला नाही.

गेल्या वर्षी त्याचा शहरं बुडण्याचा सिनेमा मीरा रोडला लागला. बायकोला घेऊन पहिल्याच दिवशी गेलो. पडद्यावर त्याचं नाव आलं तशा शिट्ट्या वाजल्या. मी अख्खा वेळ चुका शोधत होतो. बाहेर आल्यावर म्हणालो, "मधला भाग लांबलाय."

"तुला आवडलाय," बायको म्हणाली, "म्हणूनच चिडलायस."

मी तरातरा रिक्षा स्टँडकडे निघालो.

पुढच्या आठवड्यात एका चॅनेलची मुलगी माझ्या स्टुडिओत आली. जुना मित्र म्हणून माझी मुलाखत हवी होती.

"पहिल्या फिल्मची कल्पना कुणाची होती, सर?"

"माझी," मी म्हणालो. किती सहज निघालं तोंडातून! वर ती कशी सुचली, तेही रंगवून सांगितलं.

मग रोज वाटायचं, त्याचा फोन येईल. तो भांडला असता तर बरं झालं असतं. पण थोड्या दिवसांनी तिकडच्या एका मुलाखतीत त्याला माझ्या या बोलण्याबद्दल विचारलं गेलं. तो हसून म्हणाला, "हो, त्याचीच कल्पना. त्याची नजर माझ्यापेक्षा चांगली होती."

बायकोनं तो व्हिडिओ दाखवला. ती सोसायटीत पेढे वाटायला निघाली होती. तेव्हा मला सांगावंच लागलं. तिनं पर्स खाली ठेवली. "आत्ता फोन कर त्याला."

केला. माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं, "तू खोटं का बोललास?"

"अरे, सोड ना," तो म्हणाला. "मला काय फरक पडतो?"

त्यानं ते प्रेमानंच म्हटलं होतं. पण ज्यासाठी मी चोर झालो होतो, ते देऊन टाकताना त्याला काहीच वाटलं नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तरी मला इतकं लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी चॅनेलच्या त्या मुलीला फोन करून मी खरं काय ते सांगितलं.

"ती बातमी जुनी झाली, सर," ती म्हणाली. "आता कोण बघणार?"