कुंपणाबाहेरची माती

"हुंग."

लॅबचे साहेब एवढंच म्हणाले. खड्ड्यातली ओली माती मजुरानं फावड्यावर धरली होती. मी गुडघ्यांवर बसलो. भोवती मुंबईच्या ऑफिसातून आलेले दोन मोठे साहेब, फोरमन, चार मजूर. मी नाक खाली नेलं. डिझेलचा वास थेट टाळूला भिडला.

"आहे," मी म्हणालो.

साहेब पाहुण्यांकडं वळले. "ह्याचं नाक पक्कं. पिढ्यान्‌पिढ्या मेलेली ढोरं ओढलीत ह्यांनी."

पाहुणे हसले. फोरमन हसला. मजूरही हसले. आणि मीही हसलो. त्यांचं हसणं विसरलो असतो. माझं अजून विसरता येत नाही.

आमची कंपनी चिंचवडच्या पुढं. जनरेटरसाठी लागणारं डिझेल जमिनीत पुरलेल्या टाकीत साठवलेलं असे. टाकीचं बूड गंजून गेलं होतं. किती दिवस गळत होतं कुणालाच कळलं नाही. टाकी उपसून काढली तेव्हा खाली काळीकुट्ट माती. तेल कुठवर गेलंय ते बघायला उताराच्या बाजूनं दर दहा पावलांवर खड्डा घ्यायचं ठरलं.

माती तपासायची रीत साधी. काचेच्या भांड्यात माती घ्यायची, वर गरम पाणी ओतायचं, ढवळायचं, थांबायचं. तेल असलं की पाण्यावर रंगीत तवंग धरतो. हे मला येत होतं. याहून बारीक तपासही येत होता. मी केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालो होतो, खेड तालुक्यातल्या आमच्या वस्तीतला पहिलाच. पण कंपनीनं घेतलं हेल्पर म्हणून. बाटल्या धुवायच्या, टेबल पुसायचं.

साहेबांना घाई होती. भांडी कशाला, हा आहे की, म्हणाले. त्या दिवशी मी नऊ खड्डे हुंगले. संध्याकाळी संडासामागं जाऊन ओकलो. खोलीवर आलो. खोलीत मी एकटाच. गावी पत्र लिहायला बसलो तर काय लिहायचं सुचेना. मुलगा लॅबमध्ये आहे, असं आई सगळ्यांना सांगत होती.

कॅन्टीनमध्ये मी बसलो की बाकडं आपोआप रिकामं व्हायचं. कुणी काही बोलायचं नाही. नुसतं उठायचं. मी पंपाच्या शेडमागं उभ्यानं भाकरी खायला लागलो.

नववा खड्डा कंपनीच्या भिंतीला लागून होता. त्यातही वास होता. तरी साहेबांनी खोदणं तिथंच थांबवलं. भिंतीपलीकडं आपली हद्द नाही, म्हणाले. भिंतीपलीकडं उतारावर आमच्याच लोकांची वस्ती होती आणि वस्तीची एक विहीर.

चार दिवसांनी गेटवर एक बाई कळशी घेऊन आली. वॉचमननं तिला हाकललं. मी आडोशाला उभा राहून ऐकत होतो. पुढं झालो नाही. हेही लिहिलं पाहिजे.

गुरुवारी आमच्याकडं सुट्टी. मी वस्तीत गेलो. बाईचं नाव चंद्राबाई. तिनं कळशी पुढं केली.

"रॉकेलावानी वास येतोय. पोरं ओकत्यात. वॉचमन म्हनतो, तुमीच काय तरी टाकलं असंल."

मग माझ्याकडं निरखून बघत म्हणाली, "तू कुनाचा रं?"

मी सांगितलं. गावासकट, जातीसकट. चिंचवडात आल्यापासून हे मी तोंडानं कुणाला सांगितलं नव्हतं; साहेबांना ते माझ्या दाखल्यावरून कळलं होतं. खोली घेताना तर चक्क खोटं बोललो होतो. माती खणून तपासायचीय, म्हणालो. चंद्राबाई आत गेली, कुदळ घेऊन आली आणि माझ्याआधी तिनंच पहिला घाव घातला.

भिंत ते विहीर आम्ही तीन खड्डे घेतले. प्रत्येकातली माती वेगळ्या बाटलीत भरली, चिठ्ठ्या लावल्या. विहिरीचं पाणीही घेतलं.

शुक्रवारी सकाळी लॅबमध्ये चार भांडी मांडली. कुणाला विचारलं नाही. तिन्ही मातीत तवंग आला. विहिरीचं पाणी तर ढवळावंही लागलं नाही. मी रजिस्टर ओढलं, जे दिसलं ते लिहिलं, खाली सही केली. त्या रजिस्टरात हेल्परनं आजवर कधी सही केली नव्हती.

साहेब आले. वाचलं. आवाज चढवला नाही. हे खोडून टाक, म्हणाले. नुसत्या बघण्याला काय अर्थ, मातीचा वास घे आणि तेल नाही म्हण, विषय संपला.

"साहेब, मी हुंगणार नाही. तपासलंय."

"विचार कर. मी पान फाडू शकतो."

"फाडा. मी परत तपासीन."

त्यांनी पान फाडलं. सोमवारपासून मला भंगारच्या यार्डात टाकलं. युनियनच्या पुढाऱ्याकडं गेलो. भाऊ, यात जात आणू नकोस, म्हणाला. मी आणली नव्हती. ती खड्ड्याच्या काठावर माझ्याआधी येऊन बसली होती.

मी रजिस्टरातला मजकूर आठवून कागदावर लिहिला आणि ग्रामपंचायतीत दिला. मग कंपनीचा पाण्याचा टँकर वस्तीत यायला लागला. उपकार केल्यासारखा. तीन आठवड्यांनी बंद झाला. वस्तीतलेच काहीजण म्हणाले, ह्यानं अर्ज केला म्हणून टँकर बंद झाला. चंद्राबाई तसं म्हणाली नाही, पण तिची सून दार लावून घ्यायला लागली. यार्डात दिवसभर माझ्याशी बोलणारं कुणी नाही. पत्र्यावर पत्रा पडल्याचा आवाज तेवढा.

परवा साहेबांनी बोलावलं. राजीनामा दे, म्हणाले, चांगलं सर्टिफिकेट देतो, दुसरीकडं लागशील.

मी राजीनामा देणार नाही. काढायचं असेल तर त्यांनी काढावं, आणि का काढलं ते कागदावर लिहावं. भिंतीबाहेरची माती तपासली म्हणून काढलं, असं लिहावं, खाली सही करावी. तोवर मी रोज पहिल्या शिफ्टला गेटवर उभा राहणार. गुरुवारी विहिरीवर जाणार. कुणी सोबत आलं तर ठीक. नाही आलं तरी खणता येतं.