शेरडांच्या गळ्यातलं कणीस

परंड्यात लेझरनं कोरायचं-कापायचं दुकान टाकून मला तेव्हा दोन वर्षं झाली होती. दारावरच्या पाट्या, शाळांची सन्मानचिन्हं, रुखवतात मांडायची अक्षरं, असं काम असायचं. मशीन चालवायला मी आठवड्याभरात शिकले. पण त्यात काय ठेवायचं आणि काय ठेवायचं नाही, हे कळायला बराच वेळ गेला. सुरुवातीला एका गिऱ्हाइकानं आग्रह केला म्हणून मी रेक्झिन कापलं. असा धूर निघाला की दोन दिवस घसा जळत होता. महिन्याभरात मशीनच्या आतल्या पट्ट्यांवर गंजही चढला. रेक्झिन जळताना त्यातून आम्लाचा वायू निघतो, हे मला नंतर समजलं. तेव्हापासून अनोळखी वस्तू तपासल्याशिवाय मी मशीनमध्ये ठेवत नाही.

एका बाजारच्या दिवशी एक म्हातारी दुकानात आली. जवळच्याच गावची, शेरडं राखणारी. तिनं पिशवीतून लाल चकचकीत पट्टे काढून टेबलावर ठेवले. अकरा होते.

"बाई, ह्याच्यावर खूण काढायची," ती म्हणाली. "माळावर शेरडं दुसऱ्याच्या कळपात मिसळत्यात. समदी काळीच. मग उगं भांडणं व्हत्यात."

"तुमचं नाव टाकू का, मावशी?"

"नाव कोण वाचतंय तिथं? जोंधळ्याचं कणीस काढ."

मी एक पट्टा उचलून नाकाशी नेला. चामड्याचा वास येत नव्हता.

"हे कशाचं म्हणून घेतलं?"

"चामड्याचं. हितल्याच बाजारातनं."

मी स्पिरिटचा दिवा दारात नेऊन पेटवला. तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवली, पट्ट्याच्या टोकाला टेकवली आणि पुन्हा ज्योतीत धरली. ज्योत हिरवी झाली.

"हे चामडं नाही, मावशी. रेक्झिन आहे. तांबं असं हिरवं जळलं की समजायचं, धूर विषारी होणार. मशीनमध्ये नाही घालता येत."

मला वाटलं, ती आता वाद घालणार. ती खाली वाकून ज्योतीकडं बघत राहिली.

"पुन्यांदा कर बघू."

मी केलं. पुन्हा हिरवी.

"सोनार कस लावतोय तसंच हाय की हे," ती म्हणाली आणि पट्टे गोळा करायला लागली. "पट्टा म्हणून तर चालतोय न्हवं? मग खूण दुसऱ्या कशावर तरी काढ. ह्याला अडकवीन."

मी तिला ॲक्रिलिकचा तुकडा दाखवला. तिनं दोन्ही हातांनी वाकवला तसा तो मोडला. शेरडं काटेरी झुडपांत शिरतात, तिथं हे दिवसभरही टिकणार नाही, म्हणाली. भुशाच्या फळीचा, एमडीएफचा, तुकडा पावसात फुगतो, हे मीच सांगितलं. मग तिनं विचारलं, "बाभळ चालंल का?"

बाभळीवर मी कधी काम केलं नव्हतं. "आणा, करून बघू," मी म्हणाले.

पुढच्या बाजारी तिनं बांधावरच्या बाभळीच्या फांदीच्या ताज्या चकत्या आणल्या. मशीन सुरू करताच चकतीतून वाफ निघाली, चरचर आवाज आला. चहाचा डाग पडावा तसं काहीतरी फिकट उमटलं. चकती मी खिडकीत ठेवली, तर चार दिवसांत मधोमध तडकली. आठवड्यानं ती आल्यावर मी तिला दाखवली.

"धनी म्हणलं व्हतं, वल्ल्या लाकडाला हात लावू नगं," ती म्हणाली. "म्या ऐकलं न्हाय."

त्यानंतर ती नवऱ्याला घेऊन आली. म्हाताऱ्यांच्या खांद्यावर पोतं होतं. त्यात काळपट लाल लाकडाचे तुकडे होते, दोन बोटं रुंद, कडा कानशीनं घासलेल्या.

"कुळवाचं खोड हाय," ते म्हणाले. "म्याच तासल्यालं, बाभळीचं."

ट्रॅक्टर आल्यापासून तो बैलांनी ओढायचा कुळव घरामागं भिंतीला टेकून होता. तो त्यांनी करवतीनं कापला होता.

"आबा, ते कशाला कापलंत? दुसरं काहीतरी शोधलं असतं."

"पडूनच व्हता की. आन् वाळलाय म्हणशील तर पार हाडावानी."

मी कॉम्प्युटरवर कणसाचं तयार चित्र शोधून दाखवलं. म्हातारी पडद्याजवळ गेली.

"ह्याला कुसळं हायत. ही गव्हाची वंबी हाय, बाई. म्या कणीस म्हणलं व्हतं."

मी बरंच शोधलं, पण सगळीकडं गहूच. शेवटी मी तिच्यापुढं कागद आणि पेन ठेवलं. पेन मुठीत धरून तिनं काढायला घेतलं. आधी एक वाकडा दांडा, त्यावर गच्च दाणे, खाली एकच पान. म्हातारे म्हणाले, "पान लई मोठं झालं." ती म्हणाली, "मग तुमी काढा."

तेच चित्र मी मशीनला दिलं. पहिला तुकडा झाल्यावर फुंकर मारून बघितलं. दाणा न् दाणा गर्द तपकिरी उमटला होता. म्हाताऱ्यांनी अंगठा फिरवून पाहिला आणि पुढचा तुकडा माझ्या हातात दिला. अकराही होईपर्यंत दोघं स्टुलांवर बसून होती. मी चहा मागवला.

महिन्याभरानं ती सांगत आली. एक शेरडू चुकून शेजारच्या गावच्या कळपात गेलं होतं. तिथल्या मेंढक्यानं गळ्यातली कणसाची पाटी बघून ते स्वतः आणून सोडलं. त्यालाही आता पाट्या हव्या होत्या, पण त्याला मोर पाहिजे होता.

"घराकडं ये की एकदा," ती म्हणाली.

रविवारी मी गेले. आबांनी बाजेवर घोंगडी टाकली. मावशीनं शेरडाच्या दुधाचा चहा केला. तो जरा उग्र होता, पण मी दोनदा घेतला. समोर गोठ्यात अकरा काळी शेरडं उभी होती. त्यातलं एक दुसऱ्याच्या गळ्यातली पाटी निवांत चघळत होतं, आणि त्या दुसऱ्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं.